पाटीलबाबा महादजी शिंदे आणि आग्र्याच्या बंदुका

थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेत देण्याचा प्रघात जुना आहे. त्यामागे केवळ गुणगानाचा हेतू नसतो. त्या चरित्राशी आपल्या घराचा, आपल्या हातच्या कामाचा काही संबंध लागतो काय, हे पाहण्याचीही इच्छा असते. महादजी शिंदे यांचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. पानिपतच्या रणांगणावरून जायबंदी पायाने परतलेला आणि दहा-अकरा वर्षांतच दिल्लीच्या बादशहाला त्याच्या तख्तावर नेऊन बसविणारा सेनानी, एवढे आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु त्यांच्या उत्तर आयुष्यातील पराक्रमाच्या पाठीशी आग्र्याचा एक कारखाना उभा होता, आणि त्या कारखान्यात लाकूड तासणारे व लोखंड घडविणारे हात राबत होते, ही गोष्ट सांगणारे थोडे. आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या वाकस आणि घण यांवर पोट भरीत आलेला. तेव्हा पाटीलबाबांचे चरित्र आपण त्या कारखान्याच्या दाराशी उभे राहून एकवार वाचावे, असे मनात आले.

आपला वर्धा जिल्हा जगाला चरख्यामुळे ठाऊक झाला. सेवाग्राम आणि मगनवाडी यांच्या या भूमीत बंदुकीची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेच की, चरख्याचे चाक बसविणारा हात आणि बंदुकीचा दस्ता कोरणारा हात यांची विद्या एकच आहे. लाकूड आणि लोखंड यांचा सांधा असा बसवावयाचा की दोन्ही मिळून एक वस्तू व्हावी, ही ती विद्या. शिवाय महादजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या फौजेचे जे झाले, त्याचा परिणाम आपल्या गावांशेजारून वाहणाऱ्या वर्धा नदीपर्यंत येऊन पोहोचला. ती हकीकत शेवटी येईलच.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. सातारा प्रांतातील कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. वडील राणोजी शिंदे हे पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी चढत चढत माळव्याचे सरदार झाले. मातोश्रींचे नाव चिमाबाई. जयाप्पा, दत्ताजी, तुकोजी हे थोरले बंधू. जयाप्पा १७५५ साली नागोरपाशी मारले गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये यमुनेकाठी बुराडीच्या घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जयाप्पांचे पुत्र जनकोजी पकडले जाऊन प्राणास मुकले, आणि तुकोजीही त्या संग्रामात गेले. सहा वर्षांच्या आत एका घराण्याचे इतके पुरुष रणात खर्ची पडल्याची उदाहरणे मराठ्यांच्या इतिहासातही फारशी नाहीत.

पानिपतावरून निघालेल्या महादजींचा पाठलाग एका अफगाण स्वाराने केला आणि त्यांच्या पायावर असा घाव घातला की, ते जन्मभर लंगडत राहिले. मेल्यासारखे पडलेल्या त्या तरुणास राणेखान नावाच्या एका पखालजीने उचलले, बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणून पोहोचविले. महादजी ते उपकार विसरले नाहीत. पुढे भाग्य उदयास आल्यावर त्यांनी राणेखानास भाऊ मानले आणि मोठमोठ्या मोहिमांचे नेतृत्व त्याच्या हाती दिले. माणसाची जात आणि त्याचा मूळ धंदा न पाहता त्याच्या अंगचे कर्तृत्व पाहण्याची ही दृष्टी महादजींच्या सर्व कारभारात दिसून येते. कारखान्याची गोष्ट समजून घेताना हे ध्यानात ठेवावे.

शिंद्यांची सरदारकी महादजींच्या हाती सहजासहजी आली नाही. घरातील वारसाचा वाद पुण्याच्या दरबारात काही वर्षे घोळत राहिला आणि १७६८ साली थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. त्यानंतर महादजींनी उत्तरेकडे मुसंडी मारली. जानेवारी १७७२ मध्ये मराठी फौजांच्या आश्रयाने शहाआलम बादशहा अलाहाबादेहून दिल्लीस परत आला. पानिपतानंतर अकरा वर्षांनी मराठ्यांचा शब्द पुन्हा दिल्लीत चालू लागला.

यानंतर इंग्रजांशी युद्ध आले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनी कोंडली आणि तिला तह करणे भाग पाडले. त्या विजयात महादजींचा वाटा मोठा होता. पण दुसऱ्याच वर्षी चित्र पालटले. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅम नावाच्या इंग्रज सरदाराने ग्वाल्हेरचा अजिंक्य समजला जाणारा किल्ला रात्रीतून घेतला. मार्च १७८१ मध्ये सिप्रीच्या बाजूस महादजींच्या छावणीवर कॅमॅकने रात्री हल्ला करून तोफा नेल्या. लहानशी कवायती पलटण मोठ्या घोडदळाला कशी भारी पडते, हे महादजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, त्यात ते पेशवे आणि इंग्रज या दोघांमधील जामीन ठरले. मानाने ते वाढले, तरी पराभवातून मिळालेला धडा त्यांच्या मनातून गेला नाही. बहुतेक सरदार पराभवाचा दोष नशिबावर किंवा सोबत्यावर टाकून मोकळे होत. महादजींनी मात्र आपल्या सैनिकाच्या हातात कोणते हत्यार आहे, याचा विचार केला.

त्या काळी आपल्याकडील पायदळाच्या हाती बहुधा तोड्याची बंदूक असे. सुताचा तोडा सोऱ्यात भिजवून वाळवीत, तो जळता ठेवावा लागे, आणि चाप ओढला म्हणजे त्याचे पेटते टोक रंजकावर येऊन बार उडे. ही बंदूक काही टाकाऊ वस्तू नव्हती. लोखंडाची पट्टी दांडीभोवती पिळून, तापवून आणि ठोकून सांधलेली तिची लांब नळी आपल्या लोहारांच्या कसबाची साक्ष देते. पण पावसात तोडा विझे. रात्री त्याचा लाल ठिपका शत्रूस दुरून दिसे. आणि जळता तोडा जवळ घेऊन दारू भरावयाची म्हणून शिपायांना एकमेकांस चिकटून उभे राहता येत नसे. तिचा दस्ताही सडपातळ आणि सरळ असे. नळी त्याला तारेने किंवा चामड्याच्या वाद्यांनी बांधीत. एकट्या नेमबाजाच्या हाती ती शोभे. रांगेने उभ्या राहिलेल्या पाचशे माणसांनी एका हुकुमासरशी झाडावी, अशी तिची घडण नव्हती.

इंग्रजांच्या पलटणींपाशी गारेची बंदूक होती. तीही ठासणीचीच, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासावयाची. पण तिच्या घोड्यात गारगोटीचा तुकडा बसविलेला असे, तो पोलादावर आपटून ठिणगी पडे आणि रंजक पेटे. कसलेला शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढी. पुढे संगीन लावली की तीच बंदूक भाल्याचेही काम देई. शंभर पावलांपलीकडे नेम खात्रीचा नसे. परंतु एका रांगेने एकाच वेळी झाडलेल्या गोळ्यांपुढे धावत्या घोड्यांची फळी टिकत नसे.

१७८४ साली महादजींनी बनुआ द ब्वाञ या गृहस्थास चाकरीस ठेवले. हा आल्प्सच्या कुशीतील साव्हॉय प्रांतातला. फ्रान्स, रशिया आणि मद्रासचे इंग्रज अशा तीन चाकऱ्या करून तो हिंदुस्थानात नशीब काढीत होता. करार असा ठरला की, त्याने प्रत्येकी ८५० असामींच्या दोन पलटणी उभ्या कराव्या, स्वतः दरमहा १,००० रुपये घ्यावे आणि दर शिपायामागे ८ रुपये सरकारातून मिळावे. ब्वाञने शिपायास साडेपाच रुपये ठरविले आणि उरलेल्या रकमेतून युरोपियन अंमलदारांचे पगार भागविले. पगार वेळेवर मिळतो, ही बातमी पसरताच माणसांची वाण पडली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहाने पेशव्यांस मुखत्यारी देऊन महादजींस त्यांचे नायब नेमले, आणि दिल्लीच्या सर्व कारभाराची सूत्रे पाटीलबाबांच्या हाती आली.

ती सूत्रे हातून सुटण्याचा प्रसंगही लवकरच आला. जुलै १७८७ मध्ये लालसोटपाशी जयपूर-जोधपूरच्या राजपुतांशी गाठ पडली. महंमद बेग हमदानी आधीच शत्रूस मिळाला होता. लढाईनंतर बादशाही पलटणीही आपल्या तोफांसह उठून पलीकडे गेल्या. ब्वाञच्या दोन पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत. महादजींना माघार घ्यावी लागली. दिल्ली गेली, बहुतेक मुलूख गेला. आग्र्याचा किल्ला तेवढा लखबादादा लाड यांनी वेढ्यात राहून लढविला. १८ जून १७८८ रोजी आग्र्यापाशी शिंद्यांच्या फौजेने वेढा उठविला. पुढे गुलाम कादराने दिल्लीत शिरून बादशहाचे डोळे काढण्याचे क्रौर्य केले, तेव्हा महादजींच्या फौजेनेच त्याला पकडून शासन केले. लालसोटचा धडा स्पष्ट होता. दुसऱ्याच्या तोफा आणि दुसऱ्याच्या बंदुका संकटाच्या वेळी दुसऱ्याच्याच होतात.

१७९० च्या सुमारास महादजींनी ब्वाञकडून पूर्ण कंपू उभा करविला आणि त्याच्या खर्चासाठी अंतर्वेदीतील मुलूख लावून दिला. कोयल म्हणजे अलीगढ येथे छावणी झाली आणि आग्र्यास शस्त्रांचा कारखाना चालू झाला. त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉटलंडचा एक जाणता गृहस्थ नेमला. हा पूर्वी गोहदच्या राण्याच्या चाकरीत होता. त्याच्या देखरेखीखाली हिंदी कारागिरांनी तोफा ओतल्या आणि बंदुका घडविल्या. एका बंदुकीस सुमारे १० रुपये खर्च येई, अशी नोंद आहे. हा आकडा नीट पाहावा. शिपायामागे सरकारचा महिन्याचा खर्च ८ रुपये, आणि त्याच्या हातातील हत्यार १० रुपयांचे. ८५० असामींच्या पलटणीला बंदुका द्यावयाच्या तर एकदाच साडेआठ हजार रुपये लागत, आणि त्याच पलटणीस दर महिन्यास सहा हजार आठशे. म्हणजे उत्तम बंदूक घरी घडविणे ही खजिन्यास न झेपणारी गोष्ट नव्हती. कारागीर हाताशी आणि नियमाने चालणारा कारखाना हवा, एवढेच. हे ओळखणारे पुरुष मात्र त्या काळी थोडे होते.

आता त्या दहा रुपयांत हाताचे काम किती होते, ते पाहू. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी पटाशी आणि कानस वापरात असल्याने त्यांस हे सांगणे कंटाळवाणे होणार नाही. ठासणीच्या बंदुकीचा दस्ता पाहावयास लाकडाचा एक लांब तुकडा दिसतो. पण नळी, कळ आणि माणूस या तिघांना एकत्र बांधणारा तोच. त्यासाठी युरोपात अक्रोडाचे लाकूड घेत, उत्तर हिंदुस्थानात शिसम पसंत करीत. लाकूड चांगले मुरलेले हवे. ओले लाकूड पुढे आकसते, वाकते, आणि नळीही जागची सरकते. फळीची नस पारखणे हे पहिले काम. दस्त्याचे जे मनगट, जेथे शिपायाची मूठ येते, तेथे लाकूड सर्वांत बारीक असते. त्या जागी नस आडवी गेली तर बार उडताच बसणाऱ्या हिसक्याने दस्ता मोडलाच म्हणून समजावे. म्हणून जाणता सुतार फळीवर आकार आखण्यापूर्वी नस कोणीकडे वळते ते पाहतो आणि आकार तिच्या वळणाने फिरवतो.

करवतीने आणि वाकसाने ठोकळा ढोबळ काढून झाला म्हणजे नळीची खाच. नळी मागे जाड आणि तोंडाशी बारीक. तेव्हा खाचही तशीच उतरती हवी, आणि नळीचा निम्मा घेर तीत बेमालूम बसावयास हवा. येथे मापाने भागत नाही. नळीस काजळी फासावी, ती खाचेत दाबावी, उचलावी आणि लाकडावर जेथे काळा डाग उठला तेवढाच भाग गोल पटाशीने खरवडावा. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणे, पुन्हा खरवडणे. असे कित्येक वेळा केल्यावर सगळी खाच एकसारखी काळी दिसू लागते, तेव्हा नळी बसली असे म्हणावयाचे. यात घाई केली आणि चार केस लाकूड जास्त निघाले तर ते परत लावता येत नाही. नळीचे मागील टोक लाकडाशी पूर्ण भिडलेले हवे. तेथे फट राहिली तर प्रत्येक बारागणिक नळी मागे आपटते आणि दस्ता तेथूनच चिरतो.

कळ बसविणे त्याहून नाजूक. आतील कमान, घोडा, चाप यांना हालचालीपुरती जागा द्यावयाची, पण लाकूड पोकळ होऊ द्यावयाचे नाही. आणि रंजकाची वाटी नळीच्या कानाशी नेमकी यावयास हवी. तसूभर फरक पडला तर रंजक नुसते भडकते, बार होत नाही. नळीखालून गजासाठी लांब भोक पाडताना गिरमिट जरा भरकटले की खाचेत निघते आणि सारी मेहनत वाया जाते. मागे दस्त्याचा उतार असा द्यावा की बंदूक खांद्यास लावताच डोळा आपोआप नळीच्या रेषेत यावा. शेवटी रंध्याने व कानशीने आकार देऊन, लाकूड ओलवून, उठलेले तंतू घासून जवसाचे तेल मुरवावे. मग पावसाळ्यातही लाकूड पाणी धरीत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी एका बंदुकीची कळ दुसरीस बसत नसे. प्रत्येक कळ आणि नळी आपापल्या दस्त्यात हातानेच जुळवावी लागे. तरीही शेकडो दस्ते एका लांबीचे, एका उताराचे निघावे लागत. नाहीतर कवायत जमत नाही आणि रांग फुटते. एका राजासाठी हस्तिदंताने मढविलेली एखादी बंदूक करणे हे आपल्या कारागिरांस नवे नव्हते. साध्या शिपायासाठी एकसारख्या शेकडो बंदुका करणे, ही शिस्त नवी होती. आग्र्याच्या कारागिरांनी ती आत्मसात केली. ब्वाञ आणि सँगस्टर यांची नावे ग्रंथांत आली. ज्यांनी नस पारखली आणि काजळी लावून खाच कोरली, त्यांची नावे कोणत्याही बखरीने मिरविली नाहीत.

त्या बंदुकांनी काय केले ते मात्र सर्वांस ठाऊक आहे. २० जून १७९० रोजी पाटणच्या लढाईत इस्माईल बेग आणि राजपूत यांचा पराभव झाला. १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्यास राठोडांच्या घोडदळाने प्राणांवर उदार होऊन हल्ले चढविले. चौकोन करून उभ्या राहिलेल्या पलटणींच्या गोळ्यांपुढे ते शूर वीर पडले, मागे फिरले नाहीत. राजपुताना शिंद्यांच्या वर्चस्वाखाली आला. एकाचे तीन कंपू झाले. पण १ जून १७९३ रोजी लाखेरीस याच पलटणी तुकोजी होळकरांच्या पलटणींवर चालून गेल्या. तिकडेही युरोपियन सरदार, तिकडेही कवायती शिपाई. मराठ्याची बंदूक मराठ्यावर रोखली गेली. शिंद्यांचा जय झाला; त्या जयाने महाराष्ट्राचे कल्याण झाले असे म्हणवत नाही.

इतके सामर्थ्य हाती असूनही महादजी स्वतःस पाटील म्हणवून घेत. १७९२ साली ते पुण्यास आले आणि बादशहाने दिलेली वस्त्रे व सनदा त्यांनी सवाई माधवराव पेशव्यांस मोठ्या समारंभाने अर्पण केल्या. त्या वेळी हत्तीवरून उतरून ते सरदारांच्या रांगेत सर्वांच्या खाली बसले आणि वडिलांची परंपरा म्हणून पेशव्यांपुढे नवे जोडे ठेवले, अशी प्रसिद्ध आख्यायिका आहे. यात विनय किती आणि राजकारण किती, याची चर्चा इतिहासकार करीत आले आहेत. दोन्ही होते असे मानण्यास हरकत नाही. बीडच्या मन्सूरशहा या साधूवर त्यांची श्रद्धा होती आणि ते स्वतः भक्तिपर पदे रचीत. पुण्याच्या दरबारात नाना फडणीस आणि ते यांच्यात स्पर्धा चालू असतानाच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे ज्वराने त्यांचे देहावसान झाले. तेथे त्यांची छत्री आहे. त्यांना पुत्र नव्हता. बंधू तुकोजींचे नातू दौलतराव हे अवघ्या पंधरा वर्षांच्या वयात त्या प्रचंड दौलतीचे धनी झाले.

पुढे काय झाले? ब्वाञ १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून मायदेशी गेला. त्याच्या जागी पेराँ आला. महादजी होते तोवर कारखाना, कंपू आणि खजिना यांवर एका धन्याची नजर होती. ती गेल्यावर सारा कारभार भाडोत्री अंमलदारांच्या मर्जीवर राहिला. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध उभे राहिले, तेव्हा इंग्रजांनी जाहीरनामा काढला की, शिंद्यांच्या चाकरीतील आपल्या प्रजाजनांनी ती सोडून यावे, त्यांची सोय लावू. पुष्कळ अंमलदार निघून गेले. पेराँनेही इंग्रजांचा आश्रय घेतला. ४ सप्टेंबरला अलीगढ पडले, आणि त्या किल्ल्याची वाट इंग्रजांस दाखविणारा ल्यूकन हा शिंद्यांच्याच चाकरीतून फुटलेला अंमलदार होता. ऑक्टोबरात आग्र्याचा किल्ला गेला. २३ सप्टेंबरला दक्षिणेत असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या पलटणी आणि गोलंदाज असे लढले की, इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली; तरी दिवस त्यांचाच ठरला. शिपाई तेच होते, तोफा आणि बंदुकाही त्याच तोलाच्या होत्या. हुकूम देणारा परका निघून गेला, आणि त्याची जागा घेण्यास आपल्यातील माणूस तयार केलेला नव्हता.

आता आपल्या प्रांताकडे वळू. या युद्धात नागपूरचे दुसरे रघूजी भोसले शिंद्यांच्या बाजूस होते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडात अडगावला दोघांच्या फौजांचा पराभव झाला. १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड इंग्रजांनी घेतला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात भोसल्यांनी कटक-बालेश्वर इंग्रजांस दिले, आणि नरनाळा व गाविलगड यांच्या लगतचा प्रदेश वगळून वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरचा हक्क सोडला. तो निजामाकडे गेला. आर्वी, देवळी, पुलगाव या बाजूच्या आपल्या गावांना रोज दिसणारे ते नदीचे पात्र दोन राज्यांची सीमा होऊन बसले. नदीच्या दोन काठांवर एकच भाषा, एकच समाज, एकाच घरच्या लेकी-सुना, मध्ये सरहद्द. अलीकडचा काठ भोसल्यांकडे राहिला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारल्यावर पुढील वर्षी इंग्रजांनी तोही खालसा केला. १८६२ साली नागपुरातून निराळा काढून वर्धा जिल्हा झाला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळील कवठ्यास होते, ते १८६६ साली पालकवाडीच्या जागी वसविलेल्या वर्धा शहरी आले. आज पुलगावास सैन्याचे दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे, हे आपण जाणतोच.

महादजींच्या चरित्राचा ठेवा कोणता, असे विचारले तर आम्ही म्हणू की, हत्याराची विद्या आपल्या अंगणात आणावी लागते हे त्यांनी ओळखले, आणि त्यासाठी परक्यापासून शिकण्याची लाज त्यांनी बाळगली नाही. हा त्यांचा मोठेपणा. ती विद्या शिकवणाऱ्याच्याच हाती राहिली. आग्र्याच्या सुतार-लोहारांतून त्या कारखान्याचा पुढचा मुख्य, आणि शिपायांतून पलटणीचा पुढचा सरदार, घडविण्याची सोय झाली नाही. ही त्या कार्यातील उणीव. हात कसबी होते, पण त्या हातांना नकाशा वाचण्याचे, हिशेब ठेवण्याचे, इतरांस शिकवून तयार करण्याचे शिक्षण आणि अधिकार मिळाला नाही. सांगणारा गेला, आणि करणारा जागच्या जागी राहिला.

समाजबांधवांनो, ही उणीव केवळ दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देऊ नये. आपल्यातील कितीतरी घरी आजही आजोबांच्या हातची बैलगाडीची चाके, तिफणीची जुळणी, देव्हाऱ्याचे कोरीव काम यांची आठवण निघते; पण आजोबा लाकडाची नस कशी पारखीत, कोणत्या महिन्यात तोडलेले झाड घेत, लोखंडी धाव तापवून चाकावर किती वेळात चढवीत, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. ते गेले की ती विद्याही त्यांच्याबरोबर जाते, आणि पुढे एखाद्या दिवशी आपल्याच मुलास ती दुसऱ्याच्या पुस्तकातून पैसे मोजून शिकावी लागते. तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकीच्या वर्गात जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी सुटीत घरी आल्यावर एक वही घेऊन वडीलधाऱ्यांपाशी बसावे. अवजारांची नावे, मापे, रीती आणि त्या कारागिरांची नावे टिपून घ्यावी. मंडळाच्या पुढील स्मरणिकेत अशा टिपणांस आनंदाने जागा दिली जाईल.

वानवडीच्या छत्रीत पाटीलबाबांचे स्मारक आहे आणि ते योग्यच आहे. आग्र्याच्या कारागिरांची नावे आता परत आणता येणार नाहीत. आपल्या गावच्या कारागिरांची नावे अजून आपल्या ओठांवर आहेत, तोवर ती कागदावर उतरवून घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे.